बसून खाणाऱ्यांचा व्हिसा

मराठीत ‘बसून खाणारा’ ही शिवी आहे. बापाच्या जिवावर, बायकोच्या पगारावर, नाहीतर पूर्वजांनी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर जगणाऱ्या माणसाबद्दल नाक मुरडून बोलायचे हे शब्द. पोर्तुगालच्या कायद्यात मात्र ही पात्रता आहे. तिथल्या २००७ सालच्या २३ क्रमांकाच्या कायद्यात परदेशी माणसासाठी एक वाट ठेवलेली आहे. काम न करता दरमहा पैसे येतात का? पेन्शन, घरभाडं, व्याज, लाभांश, पुस्तकाचं मानधन, काहीही चालेल. येत असतील तर या, घर भाड्याने घ्या आणि राहा. या वाटेचं सरकारी नाव डी-७. पश्चिम युरोपात उतारवय काढायचं स्वप्न पाहणाऱ्या जगभरच्या माणसांना गेली काही वर्षं हे अक्षर आणि हा आकडा पाठ झाला आहे.

अशी वाट ठेवणारा पोर्तुगाल एकटा नाही. पनामा आणि कोस्टा रिका दरमहा हजार डॉलर तहहयात पेन्शन असलेल्याला घेतात. थायलंडला पन्नाशी ओलांडलेला माणूस लागतो आणि बँकेत आठ लाख बाथ, किंवा दरमहा पासष्ट हजारांची आवक. शेजारचा स्पेन वर्षाला २८,८०० युरो दाखवायला सांगतो आणि राहायला आल्यावर काम करू देत नाही. या रांगेत पोर्तुगाल उठून दिसला तो त्याच्या अटीमुळे. त्याने मागितलं ते फक्त स्वतःच्या देशातल्या किमान वेतनाइतकं उत्पन्न. कायदा झाला त्या वर्षी ते महिना ४०३ युरो होतं.

एवढ्या स्वस्तात दार उघडण्यामागे कारण होतं. पोर्तुगाल हा माणसं बाहेर पाठवणारा देश. साठच्या दशकात तिथली गावंच्या गावं फ्रान्सला मजुरीसाठी गेली, कित्येक जण सरहद्दीवरून चोरून. कोकणातल्या मनीऑर्डरवर चालणाऱ्या घरांची गोष्ट मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. मागे उरली म्हातारी माणसं आणि कुलूपबंद घरं. २०११ मध्ये तर देशालाच ७८ अब्ज युरोंचं कर्ज घेऊन तोंड वर काढावं लागलं. अशा देशाला दुसऱ्या देशाचं पेन्शन खाणारा पाहुणा सोन्यासारखा. तो नोकरी मागत नाही, शाळेत जागा मागत नाही, बाजारात पैसे टाकतो.

त्यावर आणखी एक गूळ लावला होता. २००९ पासून नव्याने राहायला येणाऱ्यांना दहा वर्षांची करसवलत मिळू लागली. परदेशातून येणाऱ्या पेन्शनवर पोर्तुगाल कर घेत नसे आणि दोन देशांतल्या करारामुळे अनेकदा मूळ देशालाही घेता येत नसे. म्हणजे पेन्शन पूर्णपणे करमुक्त. फिनलंड-स्वीडनचे पेन्शनर पोर्तुगालच्या दक्षिणेला अल्गार्वच्या किनाऱ्यावर येऊन राहू लागले. युरोपीय संघाचे नागरिक असल्यामुळे त्यांना व्हिसाही लागत नव्हता. इकडे हेलसिंकीत लोक विचारू लागले, की आमच्या कारखान्यात चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाने ना इथे कर भरायचा ना तिथे, हा कुठला न्याय? फिनलंडने पोर्तुगालशी असलेला करार २०१९ पासून मोडीत काढला. स्वीडनने २०२२ पासून तेच केलं. मधल्या काळात, २०२० मध्ये, पोर्तुगालने ओशाळून नव्यांच्या पेन्शनवर दहा टक्के कर लावला आणि २०२३ च्या अखेरीला ही सवलत सामान्य पेन्शनरसाठी बंदच केली. आज येणारा पेन्शनर तिथल्या नेहमीच्या चढत्या दराने कर भरतो. वरचा दर ४८ टक्के आहे. जुने लेख वाचून ‘पोर्तुगालमध्ये पेन्शनला कर नाही’ असं सांगणारे एजंट अजून भेटतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

आता आकडे मांडू. कारण मराठी माणसाच्या दृष्टीने सगळी मेख तिथेच आहे.

किमान वेतन वाढलं की व्हिसाची अटही आपोआप वाढते. २०१५ मध्ये ते ५०५ युरो होतं, २०२० मध्ये ६३५, २०२४ मध्ये ८२० आणि २०२६ मध्ये ९२०. जोडीदारासाठी त्याच्या निम्मे आणखी धरतात. म्हणजे नवरा-बायकोला २०१५ मध्ये साडेसातशे युरो पुरत होते. युरो सत्तर रुपयांच्या घरात होता, तेव्हा महिना त्रेपन्न हजार रुपये झाले. आज त्याच दोघांना १,३८० युरो लागतात आणि २०२५ मध्ये युरोने शंभर रुपये ओलांडले. म्हणजे महिन्याला एक लाख अडतीस हजारांच्या वर. वेतन तिकडे वाढलं, रुपया इकडे घसरला आणि दहा-अकरा वर्षांत उंबरठा अडीच पटीने उंच झाला.

खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला हा उंबरठा दिसतही नाही. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या ज्या पेन्शन योजनेत त्याचे पैसे कापले गेले, तिथे पगाराची मर्यादा पंधरा हजार धरल्यामुळे हातात महिना साडेसात हजारांच्या आसपासच येतात. किमान पेन्शन तर हजार रुपये आहे. हजार रुपये म्हणजे दहा युरोसुद्धा नव्हेत. तेव्हा उरतात सरकारी आणि बँकेचे पेन्शनर. कोथरूडमधलं एक जोडपं कल्पनेतच उभं करू. तो बँकेतून निवृत्त, पेन्शन पंचेचाळीस हजार. ती अनुदानित शाळेतून, पेन्शन चाळीस हजार. एक जास्तीचा फ्लॅट, भाडं पंचवीस हजार. दोघांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी तीस लाखांची कमाल रक्कम ठेवलेली, ८.२ टक्के दराने प्रत्येकाला तिमाही ६१,५०० रुपये व्याज. सगळं मिळून महिन्याला एक लाख एक्कावन्न हजार. कागदावर जोडपं पात्र ठरलं.

आता हेच जोडपं तिकडे जाऊन अनिवासी झालं की काय होतं ते बघा. अनिवासी भारतीयाला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही, म्हणजे मुदत संपली की ते व्याज गेलं. फ्लॅटच्या भाडेकरूला घरमालक अनिवासी असल्याने भाड्यातून ३१.२ टक्के कर कापावा लागतो. पंचवीस हजारांतले ७,८०० कापून १७,२०० हातात. विवरणपत्र भरून काही परत मिळतं, पण त्यासाठी भाडेकरूने आधी टॅन क्रमांक काढायचा, कर भरायचा, दर तिमाहीला तपशील द्यायचा. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा, हिंजवडीत नोकरी करणारा कुठला मुलगा हे करील? तो सरळ दुसरा फ्लॅट बघतो.

शिवाय आधीच एक वर्षाची पुंजी पोर्तुगीज बँकेत दाखवावी लागते. १,३८० गुणिले बारा, म्हणजे साडेसोळा लाख रुपयांच्या वर. भारतातून एका माणसाने आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वर पाठवले की वरच्या रकमेवर वीस टक्के कर बँक आधीच गोळा करते. एकट्याने साडेसोळा लाख पाठवले तर एक लाख तीस हजार रुपये सरकारकडे जाऊन बसतील, विवरणपत्र भरेपर्यंत. दोघांनी निम्मे-निम्मे पाठवले तर एक पैसाही नाही. ही युक्ती नव्हे, साधा हिशेब आहे. पण कित्येक घरांत सगळी खाती ‘ह्यांच्या’ नावावर असतात आणि तो दंड तिथे बसतो.

कागदांचं म्हणाल तर खरी कसोटी बायकोच्या कागदांची. नवऱ्याचे कागद एका नावाचे असतात. बायकोचं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पेन्शनच्या पुस्तकावर सासरचं, आणि लग्नात नाव बदललं असेल तर आधारवर तिसरंच. पोर्तुगीज बाई लग्नानंतरही सहसा आपलंच नाव लावते. त्यामुळे शकुंतला आणि शुभांगी ही एकच व्यक्ती आहे हे समोरच्या कारकुनाला पटवणं अवघड जातं. त्यात विवाह नोंदणीचा दाखला हवा. १९७८ मध्ये मंगल कार्यालयात लग्न झालेल्या किती जोडप्यांकडे तो आहे? मग पंचेचाळीस-पन्नास वर्षांनी नोंदणी करायची. त्यासाठी लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. गुरुजी केव्हाच कैलासवासी झालेले. पेटीच्या तळाशी, पैठणीच्या घडीत, गणपतीचं चित्र असलेली पिवळी पडलेली पत्रिका सापडते तेव्हा पोर्तुगालच्या वाटेवरचं पहिलं पाऊल पडतं.

त्यापुढे पासपोर्ट कार्यालयाकडून पोलिसांचा दाखला, परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला शिक्का (भारत या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत २००५ पासून आहे), पोर्तुगालचा नऊ आकडी कर क्रमांक, आरोग्य विमा. आणि सर्वांत विचित्र अट म्हणजे राहण्याच्या जागेचा पुरावा, व्यवहारात वर्षभराचा भाडेकरार. व्हिसा मिळायच्या आधी. जे घर पाहिलं नाही, ज्या गल्लीत पाय ठेवला नाही, तिथलं भाडं सुरू करायचं आणि मग उत्तराची वाट बघायची. व्हिसा नाकारला तर ते पैसे घरमालकाचे.

मिळालेला व्हिसा चार महिन्यांचा असतो. त्या मुदतीत तिकडे पोहोचून दोन वर्षांच्या निवास परवान्यासाठी हजर व्हायचं. हे काम पूर्वी ज्या खात्याकडे होतं ते ऑक्टोबर २०२३ मध्ये बरखास्त झालं आणि ‘आयमा’ नावाची नवी संस्था आली. तिच्या हाती पहिल्याच दिवशी काही लाख प्रलंबित प्रकरणांचा ढीग पडला. परवान्याची मुदत संपलेली, नवा हातात नाही, अशा अवस्थेत हजारो माणसं राहिली. सरकार अधूनमधून जुन्या कार्डांची मुदत एका आदेशाने वाढवत राहिलं. आपल्याकडच्या तहसील कचेरीची सवय असलेल्याला यात नवल वाटणार नाही. फक्त इथे ओळखीचा कोणी नसतो.

परवाना मिळाला की वाटतं, आता हिवाळा पुण्यात आणि उन्हाळा पोर्तुगालमध्ये. बहुतेकांच्या डोक्यात हेच चित्र असतं आणि नेमकं हेच बसत नाही. परवान्याच्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुटक मिळून आठ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर तो रद्द होऊ शकतो. दोन वर्षांत चोवीस महिने. त्यातले सोळा तिथे काढायलाच हवेत. दरवर्षी सहा महिने पुण्यात म्हटलं तर बाहेरचे बारा होतात. सुनेचं बाळंतपण, भाच्याचं लग्न, गणपती, आजारी भाऊ या सगळ्यांना दोन वर्षांत मिळून आठ महिने. सबळ कारण दाखवून सूट मिळू शकते. ते सबळ आहे की नाही, हे ठरवणार समोरचा अधिकारी.

मग इतकं करून माणसं जातात ती कशासाठी? अल्गार्वच्या पूर्व भागात ताविरा नावाचं गाव आहे. मधून नदी, नदीवर जुना पूल, पलीकडे वाळूची बेटं आणि गावाला लागून मिठागरं. पेणकडचा किंवा वसईकडचा माणूस तिथे उभा राहिला तर क्षणभर चकेल; तेच चौकोन, त्याच मिठाच्या पांढऱ्या राशी. भूमध्य समुद्राकाठच्या आहारपद्धतीला युनेस्कोने २०१३ मध्ये वारशाच्या यादीत घेतलं, त्यात पोर्तुगालतर्फे नाव होतं ते या ताविराचं. फुटपाथवरून म्हातारा माणूस निवांत चालू शकतो, हॉर्न वाजत नाही, हवा स्वच्छ. संध्याकाळी सत्तरी-ऐंशीची माणसं कॉफी घेऊन चौकात बसतात आणि कोणी त्यांना ‘आजोबा, जरा सरका’ म्हणत नाही. पुण्यात सिंहगड रस्ता ओलांडायला धजावत नसलेल्या माणसाला या एका गोष्टीची किंमत लाखात वाटू शकते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

भाषा अगदीच परकी नाही, असंही एक सुख. पोर्तुगीज घरात बादलीला ‘बाल्द’ म्हणतात, चावीला ‘शाव्ह’, बटाट्याला ‘बताता’. आपण ज्याला पगार म्हणतो तो शब्दही तिथूनच आला; पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणं, चुकतं करणं. आपण त्याचा अर्थ ‘मिळणं’ असा केला. पोर्तुगालमध्ये राहायला गेलेल्या माणसाला लवकरच मूळ अर्थ कळतो.

कारण घरं. किमान वेतनाइतकं उत्पन्न पुरेसं असं कायदा म्हणतो, पण लिस्बनमध्ये एका झोपण्याच्या खोलीच्या फ्लॅटचं भाडंच आज त्या किमान वेतनाहून जास्त आहे. म्हणजे अट पूर्ण करणारा माणूस राजधानीत राहूच शकत नाही. त्याने आतल्या भागात, कश्तेलू ब्रांकूसारख्या गावी जावं. तिथे भाडी कमी आहेत, पण डाळ सहज मिळत नाही आणि इंग्रजी बोलणारा डॉक्टर सापडेलच असं नाही. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. जाड भिंती, फरशा, आणि घर गरम ठेवायची सोय बहुधा नाहीच. जानेवारीत बाहेर ऊन असतं आणि घरात स्वेटर, कानटोपी. कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते. युरोपात राहून थंडीने काकडलो ते घराच्या आत, ही तिथल्या परदेशी पेन्शनरांची नेहमीची तक्रार.

सरकारी आरोग्यसेवा १९७९ पासून आहे आणि परवानाधारकाला ती मिळते. मात्र एक कोटी सहा लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात पंधरा लाखांवर माणसांना नेमून दिलेला कुटुंबडॉक्टर नाही. नवा पाहुणा त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. म्हणून खासगी विमा. आणि सत्तरीपुढे नवा विमा घ्यायला गेलेल्याला कंपन्या काय सांगतात, ते पुण्यात आणि लिस्बनमध्ये सारखंच.

भाड्याचा राग तिथल्या माणसांनाही आहे. २०२३ पासून लिस्बनमध्ये घरांसाठी मोर्चे निघत आहेत. कित्येक पोर्तुगीज म्हाताऱ्यांचं पेन्शन या व्हिसाच्या अटीइतकंही नाही; त्यांच्याच गल्लीत दुप्पट-तिप्पट पेन्शनचा अमेरिकन येऊन राहिला की भाडं वाढतं. सरकारने त्याच वर्षी घर खरेदी करून परवाना मिळवण्याची श्रीमंतांची वाट बंद केली. डी-७ राहिला. पण देशात परदेशी नागरिकांची संख्या पंधरा लाखांवर गेल्यावर हवा बदलली. पाच वर्षांनी नागरिकत्व मिळतं हे मोठं आमिष होतं. ती मुदत दहा वर्षांवर नेण्याचा कायदा संसदेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केला. काही कलमांवर घटना न्यायालयाने डिसेंबरात बोट ठेवलं, तरी वारं कुठल्या दिशेने वाहतं आहे ते दिसलं.

भारतीयांकडे बघण्याची नजरही दोन प्रकारची आहे. २०१७ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान असताना ज्यांना बंगळुरूत भारताने ओसीआय कार्ड दिलं, त्या अंतोनियो कोश्टा यांच्या वडिलांचं बालपण मडगावात गेलं. त्याचा लिस्बनमध्ये फारसा कोणाला विषाद नाही. दुसरीकडे मार्तीं मुनीश चौकाजवळची बेन्फोर्मोझु गल्ली, जिथे मसूर, हळद, बासमती आणि भारतीय-बांगलादेशी कामगार एकाच रांगेत सापडतात. डिसेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी तिथल्या माणसांना भिंतीकडे तोंड करून ओळीने उभं केलं. ते छायाचित्र देशभर फिरलं आणि पुढच्या महिन्यात त्याविरुद्ध लिस्बनमध्ये मोठा मोर्चा निघाला. आज पोर्तुगालमधले बहुतेक भारतीय हे अलेंतेजुच्या शेतांत फळं तोडणारे किंवा दुचाकीवरून जेवण पोचवणारे तरुण आहेत. डी-७ वर आलेले कोथरूडचे काका डाळ आणायला त्याच गल्लीत जाणार. ते पेन्शनर आहेत असं त्यांच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

गोव्याच्या माणसाचं गणित मात्र निराळं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्याला, आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांना, जन्मनोंदणी लिस्बनला नेऊन थेट पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. त्याला उत्पन्न दाखवावं लागत नाही. गंमत अशी की असा पासपोर्ट घेतलेले गोवेकर बहुधा पोर्तुगालमध्ये राहिलेच नाहीत. ब्रेक्झिटपूर्वी ते इंग्लंडात स्विंडनला गेले, जिथे काम होतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्यामुळे त्यांना भारतीय पासपोर्ट मात्र सोडावा लागला.

मग हा व्हिसा मराठी माणसांपैकी नेमका कोणाचा? ज्याचं पेन्शन डॉलरमध्ये आहे त्याचा. न्यू जर्सीत तीस वर्षं नोकरी केलेला, साठीला आलेला माणूस घ्या. अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, पासष्टीला सुरू होतो. त्याआधी निवृत्त झालं तर खासगी विम्याचा हप्ता डोळे पांढरे करतो. अशा माणसाला मधली पाच वर्षं पोर्तुगालमध्ये काढणं खरोखर स्वस्त पडतं. त्याचं उत्पन्न महाग देशातून स्वस्त देशात येतं. कोथरूडच्या जोडप्याचं स्वस्त देशातून महाग देशात जातं. हा व्हिसा पहिल्यासाठी बांधला गेला. दुसरा त्यात नियमाने बसतो, हिशेबाने नाही. पुण्यात दीड लाखांत स्वयंपाकाच्या बाई, ड्रायव्हर आणि वर्षातून एक सहल असा सुखवस्तू संसार होतो. ताविरात तेवढ्याच पैशांत भांडी स्वतः घासायची आणि हीटर लावताना वीजबिलाकडे बघायचं.

तरीही जायचं असेल, तर आधी तीन महिने साध्या पर्यटकासारखं राहून यावं, आणि त्यात जानेवारी असावा. व्हिसाची अट त्या वर्षीच्या किमान वेतनावरून तपासावी. पोर्तुगीज शिकायला पुण्यातच सुरुवात करावी; नागरिकत्वासाठी भाषा येत असल्याचा पुरावा द्यावाच लागतो.

आणि वर्षातला एक महिना लक्षात ठेवावा. तिकडे आयमाला आपण पोर्तुगालमध्येच राहतो हे दाखवायचं असतं, तर इकडे पेन्शन देणाऱ्या बँकेला आपण जिवंत आहोत हे. हयातीचा दाखला लिस्बनच्या भारतीय दूतावासातून घेता येतो. ताविराहून तिथे जायला रेल्वेने चार-पाच तास लागतात. सरकारी पेन्शनरसाठी दाखल्याचा महिना नोव्हेंबर.